हत्ती-प्याद्याच्या डावात अर्धा गुण कुठे सांडतो

मुलांच्या कुठल्याही बुद्धिबळ स्पर्धेत फेरी संपत आली की दोन-चार पटांभोवतीच गर्दी उरते. बहुतेक सोंगट्या केव्हाच पटाबाहेर गेलेल्या असतात. उरलेले असतात दोन राजे, दोन हत्ती आणि एखाद-दुसरं प्यादं. बघणाऱ्या पालकांना वाटतं, आता यात काय राहिलंय, हात मिळवतील आणि ड्रॉ होईल, म्हणजे बरोबरी, दोघांना अर्धा-अर्धा गुण. पण नेमकं इथेच निकाल दोन-तीनदा इकडून तिकडे जातो. जिंकलेला डाव बरोबरीत सुटतो, बरोबरीतला डाव हरला जातो, आणि घरी येऊन तो डाव इंजिनला, म्हणजे बुद्धिबळाच्या संगणक-प्रोग्रामला, दाखवला की कोण वरचढ आहे ते सांगणारा आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसतो.

हे का होतं ते नीट समजावून घेण्यासारखं आहे. मुलं हुशार नसतात म्हणून होत नाही. दहा-बारा वर्षांची मुलं मधल्या डावात पाच-सहा चालींची गणितं सहज करतात. हत्तीच्या एंडगेममध्ये, म्हणजे थोड्याच सोंगट्या उरलेल्या शेवटच्या टप्प्यात, मात्र सुटलेली संधी बहुतेक वेळा गणितातली नसते, सवयीतली असते. शह देता येतोय म्हणून शह दिला. भीती वाटली म्हणून हत्ती घरी आणला. प्यादं पुढे जातंय म्हणून ढकललं. मधल्या डावात या सवयी खपून जातात. इथे त्यांची किंमत रोख मोजावी लागते.

पुढे मांडण्या सांगताना घरांची नावं मराठीतच लिहितो: डावीकडून उभ्या ओळी ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच, आणि पांढऱ्याच्या बाजूने आडव्या ओळी १ ते ८. शक्य असेल तर पट समोर घ्या. न घेता वाचलंत तरी गोष्ट कळेल, पण हात चालवल्याशिवाय ती डोक्यात बसत नाही.

आधी हत्तीचा स्वभाव. रिकाम्या पटावर हत्ती कुठेही ठेवा, कोपऱ्यात किंवा मध्यभागी, त्याच्या ताब्यात बरोबर १४ घरं असतात. घोडा कोपऱ्यात गेला की दोन घरांवर येतो, उंट कडेला गेला की लंगडा होतो. हत्तीचं तसं नाही. त्यामुळे हत्ती ‘कुठे’ आहे यापेक्षा तो ‘मोकळा’ आहे का, हा खरा प्रश्न. स्वतःच्याच प्याद्याची राखण करत बसलेला हत्ती जवळजवळ कामातून गेलेला असतो, आणि समोरच्याच्या प्याद्याला मागून त्रास देणारा हत्ती एका प्याद्याची उणीव भरून काढतो.

म्हणूनच ‘सगळे हत्तीचे एंडगेम बरोबरीत सुटतात’ असं एक अर्धं थट्टेतलं वाक्य बुद्धिबळात फिरतं. कुणी ते टाराश या जुन्या नामांकित खेळाडूच्या नावावर सांगतात, कुणी टार्टाकोवर या दुसऱ्याच्या. थट्टा असली तरी तिच्यात तथ्य आहे. एक प्यादं जास्त असणं उंटा-घोड्यांच्या शेवटात अनेकदा पुरतं, प्याद्यांच्या शेवटात तर फारच वेळा पुरतं. हत्ती असले की ते वारंवार अपुरं पडतं. चार प्यादी विरुद्ध तीन, आणि सगळी पटाच्या एकाच बाजूला, ही मांडणी नीट बचाव केला तर सहसा बरोबरीचीच. प्यादी दोन्ही बाजूंना पसरलेली असतील तर जास्त प्याद्यावाल्याची आशा वाढते. मुलांना हे ठाऊक नसतं. प्यादं खाली असलेलं मूल मनातून हरून बसतं आणि प्यादं वर असलेलं मूल आपोआप जिंकायची वाट बघतं. पहिल्या चुका इथूनच जन्मतात.

आता एक मांडणी जवळून बघू. हा डाव मी समजावण्यासाठी रचलाय, कुणा मुलांचा नाही. पण असे डाव प्रत्येक स्पर्धेत होतात.

पांढरं मुलाकडे: राजा डी५, प्यादं ई५, हत्ती एच७. काळं मुलीकडे: राजा ई८, हत्ती बी८. चाल काळ्याची.

काळ्याचा राजा शेवटच्या ओळीत कोंडलाय, कारण पांढरा हत्ती सातवी ओळ अडवून बसलाय. पांढऱ्याला आता फक्त आपला राजा सहाव्या ओळीत आणायचाय. तो ई६ वर पोचला की पुढच्या चालीला हत्ती एच८ आणि मात. अशा वेळी मुलगी काय करते? शह मिळतोय ना, देऊन टाकते. हत्ती डी८, शह.

आणि डाव हरली. पांढऱ्याचा राजा ई६ वर जातो, म्हणजे जिथे त्याला जायचंच होतं तिथे. मातेची धमकी समोर उभी. राजा एफ८ वर सरकवला तर हत्ती एच८ शह. राजा जी७ वर हटला की पांढरा हत्ती सरळ रेषेत जाऊन डी८ वरचा हत्ती उचलतो. राजा दुसऱ्या बाजूला नेता येत नाही, तिथे तिचाच हत्ती बसलाय. डी६ वर आणखी एक शह द्यावा तर प्यादंच हत्ती मारतं. एका शहाने तिने पांढऱ्याच्या राजाला ढकलून योग्य घरी पोचवलं आणि आपल्या हत्तीला वाईट घरी नेऊन बसवलं.

बरोबर चाल होती हत्ती बी६. दिसायला काहीच न करणारी. ना शह, ना कुणावर मारा. पण त्या चालीने सहावी ओळ बंद होते. पांढरा राजा आता डी६ वर पाऊल टाकू शकत नाही, ई६ वर नाही. मग पांढऱ्यापुढे एकच वाट उरते: प्यादंच ई६ वर ढकलायचं. ते ढकललं रे ढकललं की काळा हत्ती क्षणात खाली जातो, बी१ वर. आता पांढऱ्या राजाला आडोसा देणारं प्यादं पुढे निघून गेलंय. राजा डी६ वर आला की डी१ वरून शह, ई५ वर आला की ई१ वरून शह, एफ६ वर गेला की एफ१ वरून शह. राजाला लपायला कुठे घर नाही. बरोबरी.

ही मांडणी फिलिडोरच्या नावाने ओळखली जाते. फ्रांस्वा-आंद्रे फिलिडोर हा अठराव्या शतकातला फ्रेंच संगीतकार आणि त्या काळचा सर्वांत बलवान मानला गेलेला खेळाडू. हा बचाव त्याने १७७७च्या आवृत्तीत दिला. म्हणजे सुमारे अडीचशे वर्षं हे उत्तर छापील स्वरूपात उपलब्ध आहे. तरीही दर शनिवार-रविवारी कुठेतरी एखादं मूल हत्ती डी८ शह खेळतं. मला यात मुलांचा दोष कमी दिसतो. वर्गात ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चाली, शिकवणं सोपं असतं, मुलांना ट्रॅप आवडतात आणि पालकांना पंधरा चाली पाठ झालेलं मूल बघून बरं वाटतं. ‘हत्ती सहाव्या ओळीत ठेव आणि गप्प बस’ हे शिकवून टाळ्या मिळत नाहीत.

आता तीच मांडणी दुसऱ्या पटावर. इथे मुलीने नियम पाठ केलाय, ती हत्ती बी६ खेळते. पांढरा प्यादं ई६ वर ढकलतो. आता हत्ती खाली जायला हवा, पण तिला वाटतं, शह जवळूनही देता येतो, लांब कशाला जाऊ? हत्ती बी५ शह. राजा डी६. हत्ती बी६ शह. राजा ई५. अजूनही डाव बरोबरीतच आहे: हत्ती बी१ वर पळाला तर सगळं ठीक. पण हाताला लय लागलेली असते. हत्ती बी५, पुन्हा शह. राजा एफ६. आणि शह संपले. एफ५ वर शह द्यावा तर राजा हत्तीच खातो. पांढऱ्याला हत्ती एच८ मात हवीय, आणि राजा कुठेही हलवला तरी सुटका नाही: एफ८ वर मात, डी८ वर गेला तर एच८ शह, राजा सी७, आणि प्यादं ई७ वर जाऊन वजीर होणार.

नियम तोच, हत्तीही तोच. फरक अंतराचा. शह देणारा हत्ती राजापासून लांब हवा, कारण तो जवळ असला की राजा चालत येतो आणि त्याला हुसकावतो, किंवा असं घर गाठतो जिथे शह द्यायला जागाच राहत नाही. एंडगेम शिकवताना ‘शह दे’ आणि ‘शह देऊ नको’ या दोन टोकांच्या मधे ‘कुठून दे’ हा प्रश्न असतो, आणि तो बहुतेकदा राहून जातो.

पहिल्या पटावर परत जाऊ, कारण तिथली गोष्ट अजून अर्धीच सांगितली. मुलीने हत्ती डी८ शह दिला, म्हणजे हरायची चूक केली. पण समोर बसलाय तोही बारा वर्षांचा. त्याला दिसतं की काळा हत्ती डी८ वर आहे आणि राजा सी६ वर नेला तर पुढच्या चालीला सी७ वरून त्याला टोचता येईल. तो राजा सी६ खेळतो. सुटली संधी. राजा प्याद्याच्या पुढे जाण्याऐवजी बाजूला गेला, मातेची धमकी विरली. काळा हत्ती डी१ वर निघतो, तिथून ई१ वर, प्याद्याच्या मागे. पांढऱ्याला आता प्यादं सांभाळत बसावं लागतं आणि डाव पुन्हा बरोबरीत. दोन चालींत दोन चुका, आणि दोघांनाही कळलेलं नाही की मधल्या एका मिनिटासाठी पूर्ण गुण पटावर पडला होता.

अशा सुटलेल्या संधींचं एक वैशिष्ट्य असं की त्या दोघांनाही दिसत नाहीत. मधल्या डावात वजीर फुकट गेला तर निदान एकाला तरी कळतं. इथे चुकीची शिक्षा लगेच होत नाही, म्हणून ती चूक वाटतच नाही. मुलं डावानंतर विश्लेषण करायला बसतात तेव्हाही बाराव्या चालीवर वाद घालतात आणि बावन्नाव्या चालीवरून पुढे सरकतात.

जिंकणाऱ्या बाजूलाही एक मांडणी हाताशी असावीच लागते. पांढरा राजा ई८, प्यादं ई७, हत्ती सी१. काळा राजा बी७, हत्ती एफ२. प्यादं एका घरावर आलंय, पण स्वतःचा राजाच वाटेत उभा. तो बाहेर पडला की काळा हत्ती मागून शह देत सुटतो. मुलं हे करून बघतात: राजा डी७, शह. राजा ई६, शह. राजा डी६, शह. मग घाबरून परत ई८. घड्याळ खाली येतंय, आणि तीच मांडणी तिसऱ्यांदा आली तर समोरचा बरोबरी मागणार. जिंकलेला डाव हातात आहे, पण दार उघडत नाही.

उत्तर आहे हत्ती सी४. पुन्हा एक शांत चाल, आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला ती वेड्यासारखी वाटते. चौथ्याच ओळीवर का? काळा हत्ती एफ१ वर थांबतो. आता राजा डी७, डी१ शह. राजा ई६, ई१ शह. राजा डी६, डी१ शह. राजा ई५, ई१ शह. आणि आता हत्ती ई४ वर येऊन मध्ये उभा राहतो. शह संपले, प्यादं वजीर होतं. राजा एकेक पायरी खाली उतरत आला आणि हत्ती त्याला झाकायला आधीच तयार होता. या युक्तीला ‘पूल बांधणं’ म्हणतात आणि मांडणीला लुसेनाचं नाव आहे. गंमत अशी की लुसेना या स्पॅनिश लेखकाचं पुस्तक १४९७चं, आणि ही मांडणी त्यात नाहीच. ती १६३४ साली साल्व्हिओ या इटालियन लेखकाच्या पुस्तकात सापडते. तरी नाव चिकटलं ते चिकटलं.

लुसेना आणि फिलिडोर या दोन मांडण्या म्हणजे नकाशावरची दोन गावं. एका बाजूचा सगळा प्रयत्न लुसेनाकडे जायचा, दुसऱ्याचा फिलिडोरकडे. ज्याला दोन्ही माहीत आहेत त्याला मधल्या प्रवासात निदान दिशा असते. ज्याला माहीत नाहीत तो प्रत्येक चाल पहिल्यापासून शोधतो, आणि ते तीस सेकंदांत होत नाही.

तीस सेकंदांचा उल्लेख मुद्दाम केला. क्लासिकल, म्हणजे जास्त वेळाच्या, स्पर्धांत आता प्रत्येक चालीला ठराविक सेकंद वाढवून मिळतात, बऱ्याच ठिकाणी तीस. सुरुवातीचा दीड तास मुलं ओपनिंग आणि मधल्या डावात घालवतात, आणि एंडगेम येतो तेव्हा त्या वाढीव सेकंदांवरच जगत असतात. त्यातच स्कोअरशीटवर चाल लिहायची. रॅपिडमध्ये, म्हणजे झटपट डावांत, तर त्याहून कमी. अव्वल खेळाडूही या दाबातून सुटत नाहीत. जुलै २०२५मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला महिलांच्या विश्वचषकाची अंतिम लढत झाली. नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख आणि कोनेरू हंपी यांचे दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत सुटले, निकाल २८ तारखेला रॅपिडमध्ये लागला. निर्णायक डावात घड्याळाच्या दडपणाखाली दोघींच्याही हातून चुका झाल्या. दिव्या जिंकली आणि त्याच विजयाने ग्रँडमास्टरही झाली. तेव्हा आपल्या मुलाने बावन्नाव्या चालीला चूक केली म्हणून गाडीत बसल्यापासून घरी पोचेपर्यंत त्याला ऐकवणाऱ्या पालकांनी जरा दमाने घ्यावं.

आता कडेच्या प्याद्याकडे येऊ, कारण तिथे दोन्ही बाजूंच्या सुटलेल्या संधी एकाच मांडणीत बघायला मिळतात. पांढऱ्याचं प्यादं ए-ओळीत, आणि हत्ती त्याच्यापुढे ए८ वर अडकलेला. काळा राजा जी७, काळा हत्ती प्याद्याच्या मागे ए१ वर. पांढरा राजा लांब, म्हणजे जी२ वगैरे.

प्यादं ए६ वर आहे आणि पांढऱ्याला घाई झालीय. एक घर पुढे, ए७! वजीर व्हायला एकच घर राहिलं. मुलाच्या चेहऱ्यावर आनंद दिसतो. पण हीच चाल त्याची आशा मारते. ए७ हे घर त्याच्या राजाचं लपायचं ठिकाण होतं. राजा चालत ए७ वर येऊन बसला असता तर मागून येणाऱ्या शहांपासून आडोसा मिळाला असता आणि हत्तीला ए८ वरून बाहेर पडता आलं असतं. आता तिथे प्यादंच बसलंय. राजा बी६ वर आला की बी१ वरून शह, आणि राजा हटला की काळा हत्ती पुन्हा ए१ वर. काळ्याला फक्त राजा जी७ आणि एच७ या दोन घरांत हलवत राहायचं.

आणि इथे काळ्याची चूक होते. दोन घरांत डुलत राहणं मुलांना पटत नाही. ‘राजा एंडगेममध्ये मध्यभागी आणायचा’ असं सरांनी सांगितलंय. म्हणून राजा एफ७. पांढरा हत्ती एच८! प्यादं फुकट सोडलं. काळ्या हत्तीने ए७ मारलं की हत्ती एच७ शह, आणि सातव्या ओळीतून सरळ रेषेत काळा हत्ती गारद. मारलं नाही तर प्यादं वजीर. राजा त्याहून वर, एफ६ किंवा ई६ वर नेला तरी सुटका नाही: हत्ती शह देऊन ए८ रिकामं करतो आणि प्यादं तिथे जाऊन बसतं. सरांनी सांगितलेलं चुकीचं नव्हतं, पण या मांडणीत ते लागू नव्हतं.

प्यादं ए६ वरच ठेवण्याइतका पांढरा शहाणा असेल तर काळ्याला मागचा बचाव पुरत नाही. तेव्हा काळा हत्ती बाजूने, एफ६ वरून प्याद्याला लक्ष्य करतो, आणि पांढरा राजा प्यादं सांभाळायला जवळ आला की आडव्या ओळीतून शह देतो. पांढऱ्याने ए७ ढकललं तर लगेच ए६ वर, प्याद्याच्या मागे. ही युक्ती वांचुरा या चेक अभ्यासकाची. तो तरुण वयातच गेला आणि ही मांडणी त्याच्या मृत्यूनंतर १९२४ साली प्रसिद्ध झाली. पटावर बसून एखाद्या मुलाने ती स्वतः शोधावी ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. ती दाखवावी लागते.

१९२४ सालचंच आणखी एक उदाहरण सगळ्या मुलांना दाखवावं असं आहे: न्यूयॉर्कच्या स्पर्धेतला कापाब्लांका विरुद्ध टार्टाकोवर. कापाब्लांका तेव्हा जगज्जेता. हत्तीच्या एंडगेममध्ये त्याचा हत्ती सातव्या ओळीत एच७ वर होता, आणि टार्टाकोवरचा हत्ती त्याची प्यादी खायला निघाला होता. आपण असतो तर प्यादी वाचवायला धावलो असतो. कापाब्लांकाने राजा जी३ वर नेला आणि सी३ वरचं प्यादं शहासकट जाऊ दिलं. मग राजा एच४. जी-प्यादं पुढे, जी६. एफ४ वरचं प्यादंही शहासकट गेलं. राजा जी५, आणि मग एफ६. दोन प्यादी देऊन राजा शत्रूच्या राजासमोर जाऊन उभा राहिला. तिथे काळ्याचं एफ५ वरचं प्यादं त्याने मुद्दाम मारलं नाही, कारण तेच त्याच्या राजाला एफ-ओळीतल्या शहांपासून झाकत होतं. त्यानंतर प्यादी परत मिळत गेली आणि डाव जिंकला गेला.

मुलांच्या डावात याच्या उलट घडतं. प्यादं धोक्यात आलं की हत्ती राखणीला जातो, तिथून तो हलू शकत नाही, मग राजा अडकतो, आणि पंधरा चालींनी तेच प्यादं तरीही जातं. तेच प्यादं आधीच सोडून हत्ती मोकळा ठेवला असता तर बरोबरी होती. इंजिन हे दाखवतं तेव्हा मुलं म्हणतात, ‘पण प्यादं फुकट कसं द्यायचं?’ प्रश्न रास्त आहे. उत्तर कापाब्लांकाच्या डावात आहे.

आणखी एक प्रकारची चूक हत्तींची अदलाबदल. सिंगापूरला १२ डिसेंबर २०२४ रोजी जगज्जेतेपदाच्या लढतीतला चौदावा, शेवटचा डाव. डी. गुकेश १८ वर्षांचा, समोर डिंग लिरेन. दोघांकडे एकेक हत्ती, एकेक उंट आणि थोडी प्यादी. गुकेशकडे एक प्यादं जास्त. सगळं जग बरोबरी धरून बसलेलं. पंचावन्नाव्या चालीला डिंगने हत्ती एफ२ वर आणून अदलाबदल देऊ केली. गुकेशने हत्ती मारला, राजाने परत मारला, मग गुकेशचा उंट डी५ वर, आणि उंटांचीही अदलाबदल टळेना. उरली नुसती प्यादी आणि राजे, आणि तो शेवट गुकेशने जिंकलेला होता. अठ्ठावन्नाव्या चालीनंतर डिंगने डाव सोडला. हत्ती पटावर असेपर्यंत एक प्यादं कमी असणं सहन होतं. हत्ती गेले की तेच प्यादं जीव घेतं. मुलांना अदलाबदल म्हणजे त्रास संपला असं वाटतं. खरं तर हत्ती बदलण्याआधी उरणारा प्याद्यांचा डाव शेवटपर्यंत मोजायलाच हवा, कारण तिथे ‘साधारण बरं दिसतंय’ असलं काही नसतं.

हे सगळं तपासायला आता पूर्वीसारखं कुणा ग्रँडमास्टरला विचारावं लागत नाही. पटावर राजांसकट सात सोंगट्यांपर्यंत काहीही असलं तर त्याचं अचूक उत्तर टेबलबेसमध्ये साठवलेलं आहे. पाच सोंगट्यांची कोष्टकं केन थॉम्पसन या संगणकशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात तयार केली होती. लीचेस या संकेतस्थळावर टेबलबेस फुकट बघता येतो: मांडणी टाका, प्रत्येक चालीपुढे जिंकते की बरोबरी ते लिहून येतं. माझं मत विचाराल तर टेबलबेस इंजिनपेक्षा चांगला शिक्षक आहे, कारण तो ‘अधिक शून्य पूर्णांक आठ’ असलं गोलमोल सांगत नाही. एक चाल जिंकते, बाकीच्या नाहीत. मग ‘का?’ हा प्रश्न आपला आपण सोडवायचा.

घरी करायचं असेल तर पहिली मांडणी, डी५-ई५-एच७ विरुद्ध ई८-बी८, पटावर लावा. दोघांना पाच-पाच मिनिटं. काळं घेतलेल्याने बरोबरी टिकवायची, मग बाजू बदलायच्या. दहा-बारा वेळा झालं आणि हत्ती बी६ आपोआप यायला लागला की मांडणी पूर्णच बदला. आता प्यादं जी-ओळीतलं घ्या: पांढरा राजा जी६, प्यादं जी५, हत्ती ए७, काळा राजा जी८, हत्ती बी८. मुलं म्हणतील, काळा हत्ती तर शेवटच्या ओळीत निष्क्रिय पडलाय, हे हरलेलं असणार. मधल्या प्याद्यांच्या बाबतीत, राजा आणि प्यादं दोन्ही सहाव्या ओळीत पोचली की, असा बचाव खरंच हरतो, कारण पांढरा हत्ती प्याद्याच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाऊन तिकडून वार करतो. पण इथे पांढऱ्याने काहीही केलं तरी काळा टिकतो. टेबलबेस उघडण्याआधी मुलांना स्वतः शोधू द्या की पांढऱ्या हत्तीला पलीकडे जायचं झालं तर एच-ओळीच्या पुढे पटच नाही.